डावं मोकळं

लाँड्रीवाल्या काकूंना गाडी चालवता येत नव्हती, तरी त्यांची गाडी डावीकडे वळायची ती त्यांच्याच हुकमाने.

गाडी म्हणजे एक पांढरी, उंच, बंद व्हॅन. रोज सकाळी तिच्यात धुतलेल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट यांची गाठोडी छपरापर्यंत रचली जायची. गाठोडी चढली की मागची काच झाकली जायची, डाव्या बाजूची मागची काचही. उजवीकडे बसून गाडी हाकणाऱ्या काकांना डावीकडचं जे काही दिसायचं ते बाहेरच्या आरशातून. आणि आरशाला न दिसणारी एक पट्टी गाडीच्या डाव्या कुशीला कायम चिकटून असते. सायकलवाल्यांचं त्या पट्टीवर काय प्रेम असतं कोण जाणे, ते नेमके तिथूनच येतात. म्हणून चौक आला की डाव्या सीटवरच्या काकू काच खाली करायच्या, डोकं बाहेर काढून मागे बघायच्या आणि म्हणायच्या, "मोकळं." मग काका वळवायचे.

शब्द तेवढाच. त्यालाही कारण होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका वळणावर काकू म्हणाल्या, "आहे!" त्यांना म्हणायचं होतं, माणूस आहे. काकांनी ऐकलं, मोकळं आहे. त्यांनी वळवली आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची काठी चाकाखाली गेली. गृहस्थ वाचले. काठीची भरपाई झाली, शिव्याही भरपूर मिळाल्या. घरी आल्यावर काकांनी नियम घातला.

"आजपासून एकच शब्द. मोकळं. बाकी आहे, नाही, थांबा, अहो, काही म्हणायचं नाही. तू गप्प असलीस की मी थांबणार."

"आणि आपलं भांडण झालेलं असलं, मी बोलतच नसले, तर?"

"तर दिवसभर चौकातच उभा राहीन."

तसं एकदा खरंच झालं. कशावरून वाजलं होतं ते दोघांनाही पुढे आठवेना, पण काकू तोंड फिरवून बसल्या होत्या. रस्ता रिकामा, सिग्नल हिरवा आणि व्हॅन जागची हलेना. मागे गाड्यांची रांग लागली, लोक भोंगे वाजवायला लागले. काका स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेले. शेवटी दात आवळून काकू म्हणाल्या, "मोकळं." काका हसले, वळवली, आणि भांडण तिथेच संपलं. लेक लहान असताना ही गोष्ट तिला पुन्हापुन्हा ऐकायला हवी असायची.

पुढे लेक मोठी झाली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. व्हॅन बदलली, पण डावी सीट तीच राहिली आणि शब्दही. काका मान वळवून डावीकडे बघायचे ते कधीच बंद झालं होतं. गरजच काय? काकूंचा शब्द आला की वाट मोकळी असायची. इतका भरवसा, की कोणी विचारलं असतं तर काका म्हणाले असते, माझा डावा डोळा शेजारच्या सीटवर बसतो.

मग एका दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी काकांचा पाय लटपटला. डावा हात हातात नव्हता. अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटल त्यांच्याच गिऱ्हाइकांपैकी. ज्या चादरी त्यांनी पोचवल्या होत्या त्यांतल्याच एकीवर त्यांना झोपवलं.

बरे झाले मात्र लवकर. हाताला ताकद आली, पाय सरळ पडू लागला. वाचा तर कधी गेलीच नव्हती, उलट वाढली होती. बघायला येणारे म्हणायचे, नशीबवान आहात. काकूही तेच म्हणायच्या. पण घरात काही गमतीशीर गोष्टी होऊ लागल्या.

"अगं, भाजी वाढत का नाहीस?" काका जेवताना विचारायचे.

"वाढलीये की!"

"कुठाय?"

भाजी ताटात डावीकडे, जशीच्या तशी. काकू ताट अर्धं फिरवायच्या. भाजी उजवीकडे यायची. "आत्ता कसं!" म्हणत काका जेवायचे. दाढी करायचे ती उजव्या गालाची. डाव्या गालावर खुंट तसेच. काकू बोट लावून दाखवायच्या, "हा राहिला." ते म्हणायचे, "ब्लेड बोथट झालंय." एकदा त्यांनी मोठ्या हौसेने डॉक्टरांच्या एका कोटाला इस्त्री केली. उजवी बाजू अशी की घडीवर बोट कापावं, आणि डावी बाजू पिळून काढल्यासारखी सुरकुतलेली. काकूंनी ती गुपचूप पुन्हा केली आणि कोट गठ्ठ्यात ठेवून दिला.

नवऱ्याची राहिलेली बाजू पुरी करायची त्यांना इतकी सवय होती, की आता काही निराळं चाललंय हे त्यांच्या ध्यानात येता येता राहून गेलं. किंवा आलं, आणि त्यांनी ते नीट बघितलं नाही.

या दिवसांत व्हॅन लेक चालवायची. पहाटे यायची, गाठोडी पोचवायची आणि तशीच धावत आपल्या नोकरीवर जायची. तिचे डोळे खोल गेले होते. काकांना ते बघवेना.

"पोरीला किती राबवायचं? मी ठणठणीत आहे. उद्यापासून मी नेतो गाडी."

"डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत नको म्हटलंय."

"डॉक्टरांना काय, ते सगळ्यांनाच नको म्हणतात. आणि डावीकडे तू आहेस ना?"

या शेवटच्या वाक्यापुढे काकूंचं काही चाललं नाही. खरंच की, डावीकडे आपण आहोतच. त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, उद्या येऊ नकोस, झोप जरा. आणि कारण सांगितलं नाही.

काका चालवत होते ते छान. ब्रेक मऊ, वेग बेताचा. हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात डावीकडे वळायचं असतं. काकूंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. मागून सायकलवर एक नर्स येत होती, रात्रपाळी करून थकलेली, पिशवी हँडलला अडकवलेली. ती सरळ जाणार होती. काकू गप्प राहिल्या. गप्प म्हणजे थांब.

काकांनी गाडी वळवली.

"अहो!" काकू किंचाळल्या आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन थांबली. आरसा सायकलला आपटून दुमडला. नर्स सायकलवरून अर्धी पडली, अर्धी उतरली. पिशवीतला डबा रस्त्यावर गडगडत गेला.

ती उठून काकांच्या खिडकीशी आली. "काका, मी काय हवा आहे का? दिसत नाही का मी?"

काका तिच्याकडे बघत होते. मग काकूंकडे वळून अगदी प्रामाणिक आवाजात म्हणाले, "ही आली कुठून?"

"मी काही म्हटलं नव्हतं," काकू कशाबशा म्हणाल्या.

"म्हणालीस की. मोकळं म्हणालीस. मी ऐकलं."

काकूंच्या काळजात धस्स झालं ते सायकल बघून नव्हे, हे ऐकून. इतकी वर्षं ऐकलेला शब्द आता काकांच्या कानात आपोआप वाजत होता. काकू बोलोत न बोलोत. आणि शब्द सोडला तर डावीकडे त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

नर्सचा गुडघा खरचटला होता. काकूंनी तिचा डबा उचलून दिला, माफी मागितली, गाठोड्यातला स्वच्छ टॉवेल काढून गुडघ्याला बांधला. ती जाताना म्हणाली, "काकू, माझं सोडा. पण यांना दाखवा कोणाला तरी." मग काकूंनी लेकीला बोलावलं. लेक येईपर्यंत दोघं व्हॅनमध्ये बसून राहिले. काका रेडिओची कळ फिरवत होते.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी चालायला लावलं, हात वर करायला लावले, बोटं मोजायला लावली. सगळं ठीक. मग सहज विचारलं, "गाडी चालवली नाही ना?"

"छे, छे," काका म्हणाले.

काकू मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत होत्या. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकासमोर काका चुकीचं बोलले तरी त्या ते घरी येऊन सांगायच्या. आता गप्प बसलं तर डॉक्टर हो म्हणतील, कागदावर सही करतील, आणि उद्या पुन्हा तोच चौक. पुढची सायकलवाली उठून खिडकीशी येईलच असं नाही.

"चालवली," त्या म्हणाल्या. आणि मग ताट, गाल, कोट, नर्स, सगळं एका दमात बाहेर पडलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "यांचे डोळे चांगले आहेत. पण मेंदू डावीकडची हजेरीच घेत नाही. डावी बाजू आहे, हेच लक्षात राहत नाही. त्यामुळे काही सुटलंय हेही कळत नाही."

"म्हणजे डावलली जाते," काकू हळूच म्हणाल्या.

"बरोबर शब्द काढलात. डावलली जाते."

"आणि हिने मला डावललं," काका म्हणाले. "तुमच्यासमोर."

डॉक्टरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडी बंद, म्हणाले. पुढेही आशा लावून बसू नका. पण लक्ष सुधारू शकतं, नजर मुद्दाम डावीकडे नेत राहिलं तर. "आणि काकू, एक करा. ताट फिरवू नका. त्यांना शोधू द्या. तुम्ही त्यांच्यासाठी बघत राहिलात तर ते कशाला बघतील?"

हे वाक्य घेऊन काकू घरी आल्या. ते आजारपणाबद्दल होतं, पण त्यांना ते फार मागे जाऊन लागलं. लग्नानंतरच्या त्या काठीपर्यंत. आपण डावीकडे बघत राहिलो आणि त्यांनी बघणं सोडलं. त्यांची डावी बाजू कधी गेली हे कोणाला कसं कळणार होतं? ती तर केव्हाचीच आपल्या ताब्यात होती.

काका बोलायचे बंद झाले. राग राग नाही, आदळआपट नाही. सकाळी उठायचे, इस्त्रीच्या टेबलाशी बसायचे, भिंतीकडे बघायचे. काकू ताट ठेवायच्या आणि फिरवायच्या नाहीत. अर्धं अन्न राहायचं. त्या ते तसंच उचलून न्यायच्या. गप्प म्हणजे थांब, हा नियम काकांचाच. काकूंना वाटायचं, आपण पुन्हा त्या चौकात उभ्या आहोत, सिग्नल हिरवा आहे आणि शेजारून शब्द येत नाही.

एका रविवारी त्या लेकीला म्हणाल्या, "मला गाडी शिकव."

लेक हसली. मग आईचा चेहरा बघून हसायची थांबली. "या वयात?"

"वय गाडीला कुठे कळतं?"

शिकाऊ परवाना काढायचे सोपस्कार झाले आणि धडे सुरू झाले. लेक कडक निघाली. मोकळ्या मैदानात दोन ड्रम उभे करून तिने चौक केला.

"आधी वेग कमी कर. मग सिग्नल दे. वळताना नाही गं, आधी! तू कुठे जाणार हे तुला ठाऊक आहे, मागच्याला स्वप्न पडलंय का? आता आरसा. आता मान वळव, खांद्यावरून बघ. आरशावर विसंबायचं नाही."

"ते तू मला सांगतेस?"

"सरळ जाणारा सायकलवाला पुढे जाऊ दे, त्याच्या पुढ्यात शिरायचं नाही. रस्ता ओलांडणारी माणसं आधी. मगच वळव. हळू... हळू... आई, ड्रम!"

ड्रम गेला. पुढचं चाक छान वळलं होतं. मागचं आतून कापत आलं आणि ड्रमवर चढलं.

"मागचं चाक पुढच्याच्या मागून येत नाही, आतल्या बाजूने येतं. लांब गाडी आहे ही. कोपऱ्याला इतकी चिकटू नकोस. फुटपाथवर चढून चादरी पोचवणार आहेस का?"

काकूंची दुसरी खोड वेगळीच होती. जन्मभर डावीकडे बघितलेलं, त्यामुळे उजवीकडे त्यांची मान वळेचना. लेक कपाळावर हात मारायची. "आई, उजवीकडूनही माणसं येतात गं! बाबा डावी बाजू सोडतात आणि तू उजवी. दोघांची मिळून एक गाडी होते तुमची." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण काकूंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

खऱ्या रस्त्यावर पहिल्यांदा गेल्या तेव्हा तर कहरच झाला. चौक आला. वेग कमी, सिग्नल, आरसा, मान, सगळं यथासांग. "मोकळं," काकू मोठ्याने म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

लेकीने वाट बघितली. "मग वळव ना!"

"अगं हो की," काकू दचकून म्हणाल्या. "मीच वळवायचंय."

पक्क्या परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाल्या, दुसऱ्या खेपेला पास. परवाना हातात आला त्या दिवशी त्यांनी व्हॅनमधला एक नियम बदलला. गाठोडी काचेच्या खालच्या कडेपर्यंतच रचायची. एका फेरीच्या दोन फेऱ्या होतील, होऊ देत. काच मोकळी हवी.

मग त्या काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चला."

काका भिंतीकडेच बघत होते. "ओझं म्हणून बसू का?"

"डावी सीट रिकामी आहे. मला मोकळं म्हणणारं कोणी नाही."

"टिंगल करतेस? मला डावीकडचं कळत नाही, हे तूच सांगून आलीस."

"सांगितलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन." काकू जागच्या हलल्या नाहीत. "म्हणून तर बोलावतेय. इथे भिंतीकडे बघून डावं कुठलं आणि उजवं कुठलं? तिथे शोधावं लागेल."

काका मग उठले आणि चपला शोधू लागले. डावी सापडेना. ती तिथेच होती, उजवीच्या शेजारी. काकूंचा हात पुढे झाला आणि त्यांनी तो मागे घेतला. दारात उभ्या राहून त्या वाट बघत राहिल्या. काकांची नजर उजव्या चपलेवर गेली, पुढे सरकली, परत आली, मग अडखळत अडखळत डावीकडे गेली. "ही काय इथेच आहे," ते पुटपुटले, आणि त्यांनी पाय घातला.

व्हॅनच्या डाव्या आरशाला काकूंनी लाल फीत बांधली होती. हॉस्पिटलच्या गाठोड्यांना खूण म्हणून बांधतात तीच. "आधी ही फीत शोधायची," त्यांनी सांगितलं. "सापडली की तिच्याही पलीकडे बघायचं. तोवर मी हलणार नाही."

"आणि मागचे भोंगे वाजवतील त्यांना काय सांगशील?"

"वाजवू देत. आपल्याला सवय आहे."

पहिल्या वळणाला काका फितीपर्यंत पोचलेच नाहीत. काकू थांबल्या, बाकीचे रागावून बाजूने निघून गेले. शेवटी काकूंनी गाडी सरळ नेली आणि लांबच्या वाटेने फिरून आल्या. दुसऱ्या वळणाला फीत सापडली, पलीकडचं नाही. तिसरा चौक तोच होता, नर्सचा.

काकूंनी वेग कमी केला, सिग्नल दिला. आरशात बघितलं. मान वळवून काचेतून बघितलं. एक बाई मुलाला घेऊन रस्ता ओलांडत होती. ती पलीकडे गेली. मागून एक सायकल आली, सरळ निघून गेली. आता कोणी नव्हतं. काकूंनी उजवीकडेही बघितलं. तिथेही कोणी नव्हतं.

शेजारून शब्द आला नाही.

काकांची मान वळत होती. समोरच्या काचेवरून, दिव्याच्या खांबावरून. एक एक गोष्ट जणू हाताने बाजूला सारत ते पुढे जात होते. कपाळाला घाम आला होता. मागे एक भोंगा वाजला, मग दुसरा. काकूंचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. शब्द ओठांवर होता. त्यांनी तो गिळला.

"फीत," काका म्हणाले.

काकू गप्प.

"फितीच्या पलीकडे... फुटपाथ. फुटपाथवर कबुतर आहे एक." मागचा भोंगा आता थांबतच नव्हता. "मागे कोणी नाही. बाजूला कोणी नाही." त्यांनी पुन्हा एकदा बघितलं, या वेळी डोकं काचेबाहेर काढून. अगदी काकू काढायच्या तसं.

"मोकळं."

काकूंनी लगेच वळवली नाही. त्यांनी स्वतः पुन्हा मान वळवली, आरसा, खांदा, रस्ता, सगळं नव्याने बघितलं.

काकांनी ते पाहिलं. "विश्वास नाही वाटतं?"

"आहे म्हणून तर थांबले," काकू म्हणाल्या. "पण बघणार मी पण. यापुढे दोघांनीही बघायचं."

आणि त्यांनी व्हॅन वळवली, कोपऱ्यापासून थोडी राखून, मागचं चाक फुटपाथला न लावता. कबुतर जागचं हललंही नाही.